राजाचा सोहळा, गल्लीतला चहा

इंग्रज माणूस शेजाऱ्याशी हवापाण्यापलीकडे फारसं बोलत नाही, अशी त्याची ख्याती आहे. एकाच गल्लीत वीस वर्षं राहूनही दोन घरं पलीकडच्या बाईंचं नाव ठाऊक नसणं यात तिथं कुणाला नवल वाटत नाही. सकाळी फाटकापाशी गाठ पडलीच तर 'आज बरं ऊन पडलंय' एवढं म्हणायचं आणि आपापल्या वाटेला लागायचं. हीच माणसं एखाद्या दिवशी घरातलं जेवणाचं टेबल उचलून भर रस्त्यात आणून मांडतात, आजीच्या वेळच्या ठेवणीतल्या कपबश्या बाहेर काढतात आणि अख्ख्या गल्लीबरोबर चहाला बसतात, असं सांगितलं तर पटकन खरं वाटणार नाही. पण असं घडतं. फक्त त्यासाठी राजघराण्यात काहीतरी घडावं लागतं. राज्याभिषेक, युवराजाचं लग्न, नाहीतर गादीवर बसल्याला पंचवीस, पन्नास, साठ, सत्तर वर्षं झाल्याचा महोत्सव.

राजे चार्ल्स तिसरे यांचा राज्याभिषेक ६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत झाला. त्या शनिवारी लंडनमध्ये पाऊस होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, बऱ्याच भागांत छान ऊन पडलं आणि देशभरच्या गल्ल्यांतून टेबलं बाहेर आली. या कार्यक्रमाला नाव होतं 'कॉरोनेशन बिग लंच', म्हणजे नाव दुपारच्या जेवणाचं. पण असल्या टेबलावर हटकून दिसतात ती सँडविचेस, स्कोन, केक आणि चहाच्या किटल्या. वर्षातून एकदा तरी शेजाऱ्यांनी एकत्र बसून खावं, ही 'बिग लंच'ची कल्पना कॉर्नवॉलमधल्या ईडन प्रोजेक्ट या संस्थेनं २००९ साली काढली. राणी एलिझाबेथच्या २०१२ आणि २०२२ सालच्या महोत्सवांत ती राजघराण्याच्या सोहळ्याला जोडली गेली. एकत्र बसायला निमित्त लागतं, हे तिथल्या लोकांनी बरोबर ओळखलं.

आधी परवानगी, मग पताका

या चहापार्टीचं यजमानपद कसं पार पाडतात, ते बघण्यासारखं आहे. आपल्या सोसायटीत गणपतीच्या महिनाभर आधी एक उत्साही वहिनी वही घेऊन घरोघर फिरतात ना, तशी एक व्यक्ती तिथल्या गल्लीतही असतेच. पहिलं काम म्हणजे स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, काही आठवडे आधी अर्ज करून गल्ली काही तासांसाठी वाहनांना बंद करून घेणं. अग्निशमन दलाची गाडी वेळप्रसंगी आत येऊ शकेल, एवढी जागा सोडावी लागते. पार्टी फक्त गल्लीतल्या रहिवाशांची असेल आणि दारूची विक्री नसेल, तर सहसा वेगळा परवाना लागत नाही. राजघराण्याच्या सोहळ्याच्या वेळी पुष्कळ कौन्सिलं या अर्जाचं शुल्कही माफ करतात.

मग प्रत्येकाच्या दारातल्या पत्रपेटीत चिठ्ठी टाकायची. कोण केक करणार, कोण सँडविचेस, कोणाकडे घडीची टेबलं आहेत, कोणाकडे मोठी किटली आहे. टेबलं कमी पडली तर चर्चच्या सभागृहातून मागून आणतात. एका घरातून दुसऱ्या घरापर्यंत रंगीत त्रिकोणी पताका बांधल्या जातात. हल्ली त्या दुकानात तयार मिळतात, पण जुन्या चादरी आणि फ्रॉक कापून घरच्या मशीनवर शिवलेल्या पताकांचा मान मोठा. एका सोहळ्यासाठी शिवलेल्या पताका घडी करून माळ्यावर ठेवायच्या आणि दहा वर्षांनी पुढच्या सोहळ्याला पुन्हा काढायच्या, ही रीत मला फार आवडली. आपल्या घरच्या गौरीच्या मुखवट्यांसारखंच झालं की हे!

एवढं सगळं करून भरवसा नसतो तो पावसाचा. राणी एलिझाबेथच्या नव्वदीनिमित्त १२ जून २०१६ रोजी बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या 'द मॉल' या रस्त्यावर १० हजार पाहुण्यांची पंगत बसली होती. पाऊस आलाच. लोकांनी प्लास्टिकचे पारदर्शक झगे अंगावर चढवले आणि खाणं चालू ठेवलं. पाऊस आला म्हणून चहा थांबवायचा, तर त्या देशात चहा कधी प्यायचाच नाही!

टेबलावर काय काय?

पहिला मान काकडीच्या सँडविचला. काकडी सोलून कागदासारखे पातळ काप करायचे, मीठ लावून पाणी निथळू द्यायचं, पावाच्या पातळ तुकड्यांना अगदी कडेपर्यंत लोणी लावायचं आणि शेवटी चारी बाजूंच्या कडा कापून लांबट तुकडे करायचे. लोणी कडेपर्यंत लावायचं कारण साधं आहे, काकडीचं पाणी पावात शिरू नये. ऑस्कर वाइल्डच्या १८९५ सालच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' या नाटकात मावशीसाठी केलेली काकडीची सँडविचेस भाचाच आधी फस्त करतो आणि वेळेवर बाजारात काकडीच नव्हती अशी थाप नोकराकडून मारली जाते, इतका या पदार्थाचा त्या समाजात दबदबा. दुसरं ठरलेलं सँडविच अंडं आणि 'क्रेस'चं. हे क्रेस म्हणजे कोण परदेशी भाजी, असं वाटेल. ती मूळची आपल्या अळिवाची कोवळी पानं! बाळंतिणीच्या लाडवातलं अळीव तिथं रुजवून, पानं कात्रीनं कापून पावात घालतात.

मग स्कोन. हा मैदा, लोणी आणि दूध यांचा छोटासा गोल, किंचित गोडसर पाव. गरम असतानाच मधून उघडायचा, त्यावर स्ट्रॉबेरीचा जॅम आणि 'क्लॉटेड क्रीम' घालायचं. हे क्रीम म्हणजे मंद आचेवर तासन् तास तापवून निवू दिलेल्या दुधावरची घट्ट साय. साय-साखर खाऊन मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला तिचं कौतुक सांगायला नको. पण आधी साय की आधी जॅम, यावरून शेजारशेजारच्या दोन परगण्यांत पिढ्यान् पिढ्या वाद आहे. डेव्हनवाले आधी साय लावून वर जॅम घालतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम आणि वर साय. दोघंही दुसऱ्याला अडाणी समजतात. पुरणपोळीबरोबर दूध की कटाची आमटी, या आपल्या वादाइतकाच तोही कधी न मिटणारा आहे.

केकमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा 'व्हिक्टोरिया स्पंज' हवाच. त्याचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं. अंडी टरफलासकट तागडीत टाकायची आणि तेवढ्याच वजनाचं लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा घ्यायचा. दोन चकत्या भाजून मध्ये रास्पबेरीचा जॅम भरायचा, वर पिठीसाखर भुरभुरायची. आल्फ्रेड बर्ड या इंग्रजानं १८४३ साली बेकिंग पावडर शोधून काढली, त्यामुळे असा केक घरोघरच्या साध्या भट्टीत फुगू लागला.

आणि चहा. आपल्यासारखा दूध, साखर, आलं घालून उकळलेला नव्हे. आधी किटलीत गरम पाणी फिरवून ती तापवून घ्यायची, मग माणशी एक चमचा पत्ती आणि 'एक किटलीसाठी' असा हिशेब. त्यावर उकळतं पाणी ओतून, कापडी टोपी घालून तीन-चार मिनिटं मुरू द्यायचं. दूध वेगळं, साखर वेगळी. कपात आधी दूध की आधी चहा, यावरही तट आहेतच. जॉर्ज ऑर्वेल या लेखकानं १९४६ साली उत्तम चहाचे अकरा नियम लिहिले, त्यात त्यानं आधी चहाचा पक्ष घेतला आणि साखरेला तर साफ बंदी केली. चहा ओतण्याचं काम टेबलावर एकाच व्यक्तीनं करायचं असतं आणि तो ओतण्याआधी 'आज आई कोण होणार?' असं विचारायची तिथं पद्धत आहे. किटली हातात घेणारा मिशाळ पुरुष असला तरी त्या वेळेपुरती तो आई!

जाता जाता एक गोष्ट. ज्या पातळ, दुधाळ 'बोन चायना'च्या कपांचं आपल्याला एवढं कौतुक, त्या मातीत गुराढोरांच्या हाडांची राख असते, म्हणून तर तसं नाव. सोवळंओवळं पाळणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी शोकेसमध्ये तो सेट मांडून ठेवला, त्या वेळी हे त्यांना कुणी सांगितलं नाही, हे बरंच झालं.

सरदारणीची भूक

मुळात हा सगळा थाट गल्लीतला नव्हे. लंडनच्या उत्तरेला बेडफर्डशायरमध्ये वोबर्न ॲबे नावाचा प्रचंड वाडा आहे, तिथल्या डचेस ॲना मरिया यांच्या नावावर दुपारच्या चहाचं जनकत्व सांगतात. १८४० च्या सुमारास सरदार घराण्यांत रात्रीचं जेवण आठ-आठ वाजेपर्यंत लांबू लागलं होतं. दुपारी पोटात कालवाकालव व्हायची, म्हणून बाईसाहेबांनी खोलीत चहा आणि थोडं खाणं मागवायला सुरुवात केली, मग मैत्रिणींनाही बोलावू लागल्या. त्या राणी व्हिक्टोरियाच्या परिवारात होत्या आणि १८४१ साली विंडसरच्या किल्ल्यातून दिराला लिहिलेल्या पत्रात पाच वाजताच्या चहाचा उल्लेख त्यांनी केला आहे. राणीच्या वर्तुळातली चाल म्हटल्यावर ती पसरायला कितीसा वेळ लागणार?

इथं आपल्याकडच्या एका गैरसमजाबद्दल सांगायला हवं. बारशाच्या, वाढदिवसाच्या पत्रिकेवर आपण ऐटीत 'हाय टी' छापतो. पण 'हाय टी' हे इंग्लंडमधल्या कामगारांचं संध्याकाळचं जेवण. गिरणीतून, खाणीतून दमून आलेला माणूस उंच टेबलाशी बसून मांस, बटाटे, पाव आणि कडक चहा घ्यायचा, ते हाय टी. सरदारणींचा तो 'आफ्टरनून टी', बैठ्या टेबलाशी सोफ्यावर बसून घ्यायचा.

चहाचा आणि राजघराण्याचा संबंध मात्र डचेसबाईंच्याही पुष्कळ आधीचा आहे आणि त्यात आपली मुंबई गुंतलेली आहे. १६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचं लग्न इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झालं. हुंड्यात पोर्तुगीजांनी मुंबईचं बेट दिलं. लंडनच्या कॉफीघरांतून चहा त्याआधी थोडाफार मिळू लागला होता, पण दरबारातल्या बायकांत तो रुळवला तो या नव्या राणीनं. तिच्या माहेरी चहा पिण्याची सवय होती. राजाला मुंबईचं काय करावं ते कळेना, म्हणून १६६८ साली त्यानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. एका लग्नात इंग्रजांना चहाची गोडी आणि मुंबई अशी दोन्ही मिळाली.

पुढची कथा इतकी गमतीची नाही. इंग्रजांना चहा लागायचा तो चीनचा, आणि चीनला त्यांच्या मालाची गरज नव्हती. तेव्हा हिंदुस्थानात पिकलेली अफू चीनमध्ये विकून चहाचे पैसे उभे केले जात. माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच जहाजांवर चढायची. चीननं ती अडवली तेव्हा १८३९ ते १८४२ पर्यंत युद्ध झालं. नेमकी हीच डचेसबाईंच्या दुपारच्या चहाची वर्षं. आसामचा पहिला चहा लंडनच्या लिलावात विकला गेला, तोही १८३९ च्या जानेवारीत. नंतर चिनी चहाची जागा आसाम, दार्जिलिंग आणि सिलोनच्या चहानं घेतली आणि मळ्यांतल्या मजुरांचे हाल सुरू झाले, ते वेगळेच. सँडविचच्या कडा किती नाजूकपणे कापायच्या, हे सांगणाऱ्या इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकांत हे सापडत नाही.

राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाचं तर पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. २२ जून १८९७. त्या महोत्सवात लंडनच्या गरिबांना जेवण घालण्यासाठी चहाचे बडे व्यापारी थॉमस लिप्टन यांनी २५ हजार पौंड दिले आणि पुढच्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. इकडे पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरोघर घुसून झडत्या घेणाऱ्या रँडसाहेबाविरुद्ध लोक चिडून होते. त्याच रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर महोत्सवाची मेजवानी झाली आणि परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. चापेकरांचे तिन्ही भाऊ पुढे फासावर गेले. तो बंगला म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. तेव्हा राजघराण्याच्या सोहळ्याच्या पताका पाहून मराठी माणसाचं मन थोडं आखडलं, तर त्यात नवल नाही.

रेशनच्या साखरेचा केक

मग सरदारणीचा चहा गल्लीत उतरला कसा? १९१९ साली, पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाच्या आनंदात, गरीब वस्त्यांतून मुलांसाठी रस्त्यावर टेबलं मांडून 'शांततेचा चहा' देण्यात आला. ज्या घरांतले बाप आणि भाऊ परत आले नव्हते, त्या घरांतली मुलंही त्या पंगतीत होती. पुढे १९३५ साली पंचम जॉर्ज यांचा रौप्यमहोत्सव, १९३७ सालचा राज्याभिषेक, १९४५ सालचा विजयदिन अशी ही रीत रुळत गेली.

खरी कसोटी लागली ती २ जून १९५३ रोजी, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाला. युद्ध संपून आठ वर्षं झाली तरी रेशन संपलं नव्हतं. चहाच मुळी जुलै १९४० पासून ऑक्टोबर १९५२ पर्यंत रेशनवर होता. सुरुवातीला माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांवरचं नियंत्रण १९५३ च्या फेब्रुवारीत उठलं, साखरेचं मात्र सप्टेंबरपर्यंत राहिलं. सोहळ्यासाठी सरकारनं माणशी एक पौंड जादा साखर मंजूर केली. ती साखर, साठवलेलं मार्गारीन, शेजारणीकडची दोन अंडी असं गोळा करून बायकांनी केक केले. वर पुन्हा पाऊस आणि थंडी. कित्येक गल्ल्यांनी टेबलं उचलून सभागृहात नेली. दूरचित्रवाणीचा संच गल्लीत एखाद्याच घरी, तेव्हा त्या घरात अख्खी गल्ली बसली. आपल्याकडे 'रामायण' लागायचं तेव्हा चाळीत जसं व्हायचं, अगदी तसंच. त्या दिवशी ब्रिटनमध्ये दोन कोटींहून अधिक लोकांनी तो सोहळा पडद्यावर पाहिला. त्याच सकाळी लंडनच्या वर्तमानपत्रात एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी झळकली होती. आपल्या दार्जिलिंगच्या तेनसिंग यांनी हिलरींसोबत ते शिखर चार दिवस आधी गाठलं होतं.

त्याच राज्याभिषेकाला परदेशी पाहुण्यांच्या भोजनासाठी कॉन्स्टन्स स्प्राय आणि रोझमेरी ह्यूम या दोघींनी एक थंड पदार्थ तयार केला. शिजवलेल्या कोंबडीला मेयोनेझ, जर्दाळूचा गर आणि चिमूटभर करी पावडर. 'कॉरोनेशन चिकन' म्हणून तो पदार्थ आज इंग्लंडभर सँडविचमध्ये भरला जातो. हिंदुस्थान जाऊन सहा वर्षं झाली होती, करी पावडर मात्र राहिली. २०२३ च्या राज्याभिषेकासाठी पालक, बावट्याचे दाणे आणि टॅरागॉनचा पाला घातलेला 'कॉरोनेशन कीश' ठरवून दिला होता. तो कोंबडीइतका टिकेल, असं मला वाटत नाही.

राजवाड्यातही चहा असतोच. दर उन्हाळ्यात बकिंगहॅमच्या बागेत होणाऱ्या एकेका पार्टीत सुमारे २७ हजार कप चहा, २० हजार सँडविचेस आणि २० हजार केकचे तुकडे संपतात. पण तिथं निमंत्रण लागतं, आणि राजा आपल्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. गल्लीतल्या चहाला राजा येतच नाही, तरी कुणाचं अडत नाही.

खरं तर त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला राजा हवाच असतो, असंही नाही. राज्याभिषेकाच्या दिवशी लंडनमध्ये राजेशाहीविरोधी फलक घेऊन उभे राहिलेलेही होते. राजावर होणारा खर्च पटत नसलेले लोकही गल्लीतल्या चहाला खुर्ची घेऊन येतात. काही मंडळी निव्वळ केकसाठी येतात. साउथॉलसारख्या आपल्या लोकांच्या वस्तीत स्पंज केकशेजारी समोसे आणि चटणीचा डबा उघडला जातो. त्यांच्याही आजोबा-पणजोबांच्या आठवणीत राणीचं राज्य वेगळंच असणार, पण शेजारच्या एकट्या आजींना बशीत समोसा वाढताना ते आड येत नाही. ज्यांच्या दारावर आठवडाभर टपालवाल्याशिवाय कुणी येत नाही, असे म्हातारे लोक त्या देशात पुष्कळ आहेत. त्यांना दुपारी दोनपासूनच उन्हाकडे तोंड करून खुर्चीवर बसवतात आणि पहिला कप त्यांच्या हातात देतात. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोठा मानकरी तोच.

परवानगीची वेळ संपत आली की धावपळ उडते. टेबलं आत, खुर्च्या आत, मुलांनी रस्त्यावर खडूनं काढलेले मुकुट तेवढे पाऊस येईपर्यंत तसेच. आपल्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात, तिथं तशी पद्धत नाही. त्यामुळे कपबश्यांची अदलाबदल ठरलेली. २०२३ साली त्या रविवारनंतरचा सोमवारही सुट्टीचा होता. अशा दिवशी कुणाची तरी निळ्या काठाची बशी आणि दोन चमचे घेऊन लोक शेजारच्या दारांच्या घंटा वाजवत हिंडतात, 'ही तुमची का हो?' असं विचारत.